मिटलेली मूठ आणि उघडण्याचा अवधी

पक्षाघाताचा झटका येऊन पाच-सहा महिने उलटलेले असतात. रुग्णालयातील धावपळ संपलेली असते, भेटीस येणाऱ्या आप्तांची वर्दळ ओसरलेली असते. घरातील वडीलधारी व्यक्ती काठीच्या आधाराने चार पावले टाकू लागते, बोलणेही बरेचसे उमजू लागते. सकाळी तासभर दुकानात गादीवर नेऊन बसविता येईल, अशी आशा घरात निर्माण होते. एक गोष्ट मात्र दिवसेंदिवस बिघडत जाते आणि बाहेरच्यांच्या ती सहसा दृष्टीस पडत नाही. बाधित हात कोपरात वळून छातीशी येऊ लागतो, मनगट खाली झुकते, बोटे तळव्यात मिटतात आणि अंगठा त्या बोटांखाली दडपला जातो.

त्या मुठीची खरी ओळख रोज सकाळी ती धुणाऱ्या माणसाला असते. बहुधा ती पत्नी असते, नाही तर सून. तळव्याला हवा लागत नाही. घामाने कातडी भिजून पांढुरकी होते, दुर्गंधी येते, नखे रुतून जखमा होतात. बोटे ओढून उघडावीत तर ती अधिकच घट्ट मिटतात आणि रुग्ण वेदनेने तोंड फिरवितो. 'हे मुद्दामच हात आवळून धरतात,' असा ग्रह होतो. रुग्णाला वाटते की आपल्याला उगाच छळले जात आहे. आजाराने जे नुकसान केले ते केलेच. त्यावर हा गैरसमज दोन जिवांमध्ये नकळत कडवटपणा आणतो.

या ताठरलेल्या हातासाठी अलीकडच्या काळात 'शॉक वेव्ह थेरपी', म्हणजेच आघात-तरंग चिकित्सा, या उपचाराचे नाव वारंवार ऐकू येते. तो कोठून आला, काय साधतो आणि काय साधत नाही, हे कुटुंबाने आधी समजून घेतले तर वेळ, पैसा आणि आशा या तिन्हींचा विनियोग योग्य ठिकाणी होईल.

हात आवळतो कशामुळे?

निरोगी शरीरातही स्नायू एकाएकी ताणला गेला की तो आपोआप आकसतो. डॉक्टरांनी गुडघ्याखाली लहानशी हातोडी मारताच पाय उडतो, तो याच कारणाने. ही प्रतिक्षिप्त क्रिया मज्जारज्जूच्या पातळीवर घडते. मात्र ती किती प्रमाणात घडावी, यावर मेंदूचा सतत अंकुश असतो. पक्षाघातात मेंदूतील रक्तवाहिनी तुंबते किंवा फुटते, मेंदूच्या त्या भागाची हानी होते आणि तेथून खाली येणारे नियंत्रण खंडित होते. अंकुश सुटला की स्नायू अल्पशा ताणालाही अवाजवी प्रतिसाद देऊ लागतो. प्रारंभी अनेकांचा हात लुळा असतो. ही ताठरता पुढील काही आठवड्यांत अथवा महिन्यांत हळूहळू प्रकट होते.

ऑस्ट्रेलियातील मज्जाविकारतज्ज्ञ जेम्स लान्स यांनी १९८० साली या ताठरतेची जी व्याख्या मांडली, ती आजही आधारभूत मानली जाते. तिचे सार असे, की स्नायू जितक्या वेगाने ताणावा, तितका तो अधिक विरोध करतो. या एका वाक्यात शुश्रूषा करणाऱ्यासाठी मोठा बोध आहे. बोटे झटक्याने ओढली तर ती आवळणारच. तोच हात मांडीवर वा उशीवर टेकवून, आधी मनगट किंचित आत वळवून, अंगठ्याच्या बुडाशी धरून, अत्यंत सावकाश उघडत नेला, तर तो बराचसा वश होतो. रुग्ण हट्ट करीत नसतो. त्याचा स्नायू त्याच्याच आज्ञेत राहिलेला नसतो.

ताठरतेचा दुसरा भाग खुद्द स्नायूतच तयार होतो. महिनोन्‌महिने आखडलेल्या स्थितीत राहिलेला स्नायू आतून बदलू लागतो. त्याचे तंतू आखूड होतात, त्यांना वेढणारी संयोजी ऊती जाड व कडक होते. म्हणजे एक दोष मज्जासंस्थेच्या आज्ञेत असतो आणि दुसरा स्नायूच्या घडणीत. पोटात घेण्याची औषधे मुख्यतः पहिल्या दोषावर काम करतात. आघात-तरंगांचा परिणाम दुसऱ्या दोषावर अधिक होत असावा, असे आज अनेक संशोधकांना वाटते.

विजेचा झटका नव्हे

'शॉक' हा शब्द कानी पडताच अनेक वृद्धांच्या मनात धास्ती निर्माण होते. हा विजेचा झटका नव्हे. येथे शरीरात वीज सोडली जात नाही. जातो तो दाबाचा तरंग. फटाका फुटला असता खिडकीची काच थरथरते, तशाच जातीचा, परंतु मोजून-मापून दिलेला आणि ठरावीक जागी पोहोचविलेला. दाब क्षणार्धात चढतो आणि लगेच उतरतो.

या तरंगांचा वैद्यकातील प्रवेश विमानविद्येच्या दारातून झाला. ध्वनीपेक्षा अधिक वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूची हानी होते. जर्मनीतील डॉर्निये या विमान कंपनीत या हानीचा अभ्यास चालला होता. आदळण्याच्या क्षणी उठणारे तरंग पदार्थाच्या आत खोलवर जातात, हे त्यातून ध्यानात आले. पुढे हेच तरंग शरीराबाहेर निर्माण करून मूत्रपिंडातील खडा फोडता येईल का, असा विचार पुढे आला. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिक येथे क्रिस्टियान शाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. शस्त्र न लावता मुतखडा फोडण्याची पद्धत त्यानंतर जगभर पसरली. आज मुतखड्याच्या कित्येक रुग्णांनी तिचा अनुभव घेतलेला आहे.

खडा फुटतो आणि भोवतालची मऊ ऊती शाबूत राहते, याचे कारण साधे आहे. मानवी ऊतींमध्ये पाण्याचा अंश मोठा असल्याने तरंग त्यांतून फारसा अडथळा न येता जातो. कठीण पदार्थाच्या सीमेवर मात्र तो आपली शक्ती सोडतो. हवेच्या सीमेवरही तो असाच अडतो. म्हणून उपचारापूर्वी त्वचेवर जेल लावतात, जेणेकरून यंत्र आणि त्वचा यांमध्ये हवा राहू नये. फुप्फुसांच्या दिशेने हे तरंग सोडले जात नाहीत, तेही याच कारणाने.

खडे फोडण्यानंतर हाच उपचार, सौम्य स्वरूपात, अस्थिरोगतज्ज्ञांनी स्वीकारला. न सांधणारी हाडे, टाचदुखी, कोपराचे दुखणे यांसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. टाचेच्या दुखण्यासाठीच्या अशा यंत्रास अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००० साली मान्यता दिली. पक्षाघाताच्या हाताकडे लक्ष वळले ते त्यानंतर.

वेरोना येथील २० रुग्ण

इटलीतील वेरोना येथे पाओलो मँगानोत्ती आणि एर्नेस्टो अमेलियो यांनी पक्षाघातानंतर हात तीव्र ताठरलेल्या २० रुग्णांवर या तरंगांचा प्रयोग केला. त्याचा वृत्तान्त २००५ साली 'स्ट्रोक' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रयोगाची रचना विचारपूर्वक केलेली होती. प्रत्येक रुग्णाला आधी खोटा उपचार देण्यात आला. म्हणजे सर्व सोपस्कार तसेच, परंतु तरंग नाहीत. त्यानंतर खरा उपचार एकदाच दिला गेला. उपचार घेतल्याच्या समाधानानेच हात सैल होत असेल, तर तो खोट्या उपचारानेही व्हावयास हवा होता. खऱ्या उपचारानंतरच्या फरकाची त्याशी तुलना झाली, तेव्हा मनगट आणि बोटे यांची ताठरता खऱ्या तरंगांनी स्पष्टपणे अधिक कमी झाल्याचे आढळले.

हाताच्या पुढील भागातील आखडणाऱ्या स्नायूंवर १५०० तरंग देण्यात आले, तर तळव्याच्या हाडांमधील बारीक स्नायूंवर मिळून ३२००. प्रत्येक तरंगाची शक्ती खडा फोडण्यासाठी लागणाऱ्या शक्तीच्या मानाने अत्यल्प होती. मनगट व बोटांचा सैलपणा पुढील काही आठवडे टिकला; १२ आठवड्यांनंतरही निम्म्या रुग्णांत तो कायम होता. कोणतेही घातक दुष्परिणाम आढळले नाहीत.

त्यानंतर अनेक देशांत असे अभ्यास झाले. तैवानमधील संशोधकांनी या उपचाराची तुलना बोटुलिनम विषाच्या इंजेक्शनशी केली. ताठरता कमी करण्यात आघात-तरंग त्या इंजेक्शनपेक्षा उणे ठरले नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष आहे. या क्षेत्रातील बहुतेक अभ्यासांत रुग्णांची संख्या थोडी आहे आणि त्यांच्यावरील देखरेख काही आठवड्यांची वा महिन्यांचीच आहे. तरीही ताठरता काही काळ उतरते, या मुद्द्यावर त्यांचा कल एकाच दिशेने आहे.

तरंगांनी नेमके काय घडते, याचे अंतिम उत्तर अद्याप ठरलेले नाही. कडक झालेल्या संयोजी ऊतीचे बंध सैल होतात, हे एक स्पष्टीकरण. नायट्रिक ऑक्साइड या द्रव्याची निर्मिती वाढून रक्तपुरवठा सुधारतो, हे दुसरे. मज्जातंतू आणि स्नायू जेथे भेटतात, तेथील संदेशवहन काही काळ मंदावते, हे तिसरे.

सैल झालेला हात म्हणजे चालता हात नव्हे

कुटुंबाने सर्वांत आधी हा भेद समजून घ्यावा. या अभ्यासांत मुख्यतः जे मोजले जाते, ते दुसऱ्याने हात हलविला असता होणारा विरोध. त्यासाठी ॲशवर्थ यांनी १९६४ साली मांडलेली आणि १९८७ साली सुधारलेली मोजपट्टी वापरतात. तिच्यावर ० म्हणजे ताठरता नाही आणि ४ म्हणजे सांधा हलविताच येत नाही. तीनवरून दोनवर येणे ही खरोखरच सुधारणा होय. तळवा धुता येतो, नखे कापता येतात, सदऱ्याची बाही विनासायास चढते, वेदना घटते, रात्रीची झोप सुधारते. शुश्रूषा करणाऱ्याचे श्रम हलके होतात. या गोष्टी क्षुल्लक नाहीत.

परंतु मेंदूतील जो भाग निकामी झाला, तो तरंगांनी दुरुस्त होत नाही. तरंग मेंदूपर्यंत जातच नाहीत. रुग्णाने आपल्या इच्छेने पेला उचलावा, पेन धरावे, नोटा मोजाव्यात, यासाठी मेंदूने नव्या वाटांनी आज्ञा पाठविण्यास शिकले पाहिजे, आणि ते शिकणे केवळ सरावाने होते. आघात-तरंग त्या सरावासाठी काही आठवड्यांचा मोकळा अवधी उपलब्ध करून देतात. आवळलेल्या मुठीला जो व्यायाम देता येत नव्हता, तो आता देता येतो.

म्हणून उपचाराचे मोल त्या अवधीत घरी काय घडते, यावर ठरते. दिवसातून दोन-तीन वेळा सावकाश ताण देणे, तज्ज्ञाने सांगितल्यास रात्री हाताला आधारपट्टी बांधणे, आणि हाताला अर्थपूर्ण काम देणे, ही त्या अवधीची त्रिसूत्री होय. टेबलावर तळवा टेकवून वजन देणे, घडी घातलेला टॉवेल दोन्ही हातांनी पुढे सरकविणे, वाटी एका जागेवरून दुसरीकडे ठेवणे ही कामे घरच्या घरी करता येतात. ज्यांनी आयुष्यभर हिशेब सांभाळला, त्यांना चेंडूशी खेळण्यापेक्षा वहीची पाने उलटण्यात अधिक रस वाटतो. आवडीचे काम असले म्हणजे सराव टिकतो. तरंगांचा उपचार घेऊन हात पुन्हा छातीशी बांधल्यागत ठेवला, तर काही आठवड्यांनी मूठ पुन्हा मिटते आणि झालेला खर्च वाया जातो.

येथे दोन प्रचलित चुकांचा उल्लेख आवश्यक आहे. मऊ चेंडू दाबण्याचा व्यायाम घरोघरी दिला जातो. ज्या हाताला उघडणे जमत नाही, त्याला आणखी मिटण्याचा सराव देणे इष्ट नाही, असे अनेक भौतिकोपचारतज्ज्ञ सांगतात. दुसरी चूक म्हणजे रुग्णाला उठविताना बाधित हात धरून ओढणे. अशक्त झालेला खांदा त्यामुळे निखळू शकतो आणि मग वेदनेने ताठरता अधिकच वाढते.

उपचार कसा होतो, आणि कोणी टाळावा

रुग्णाला बसवून अथवा निजवून हात उशीवर ठेवतात. स्नायूच्या फुगीर भागावर जेल लावून यंत्राचे मूठभर आकाराचे टोक टेकवितात. एका प्रकारच्या यंत्रात दाबलेल्या हवेच्या जोरावर आतील लहानसा गोळा टोकावर आदळतो आणि तरंग वरच्या थरांत पसरतो; दुसऱ्या प्रकारात तरंग खोलवर एका बिंदूशी एकवटतो. टकटक असा आवाज येतो, ठोके जाणवतात, थोडे दुखते. भूल द्यावी लागत नाही. एका स्नायूला काही मिनिटे पुरतात. साधारणतः आठवड्यातून एकदा, अशा काही बैठकी योजिल्या जातात. त्वचा लाल होणे, किंचित सूज, क्वचित काळे-निळे डाग, एवढेच बहुधा घडते आणि ते आपोआप ओसरते.

तथापि हा उपचार सर्वांसाठी नाही. रक्त गोठण्याचा विकार असल्यास, त्या जागी कर्करोगाची गाठ वा जंतुसंसर्ग असल्यास, हाताच्या शिरेत रक्ताची गुठळी असल्यास तो टाळला जातो. पेसमेकर बसविलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला आधी घ्यावा. पक्षाघाताचे बहुसंख्य रुग्ण रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असतात. कोणते आणि किती, हे उपचारकास आवर्जून सांगावे. त्यासाठी ते औषध परस्पर बंद करणे मात्र सर्वथा अयोग्य होय. त्यातून दुसरा झटका ओढवू शकतो. सांधा पूर्णपणे आखडून गेला असेल आणि अतिशय सावकाश ताणूनही जरासुद्धा उघडत नसेल, तर तरंगांकडून फार अपेक्षा ठेवता येत नाही. लुळ्या हातालाही त्यांचा या कामी उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते. बरा चाललेला हात एकाएकी अधिक ताठरला, तर कारण अन्यत्र असू शकते. मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठ, पाठीवरील व्रण, घट्ट कपडे, बोटात रुतलेले नख, खांद्याची वेदना, यांपैकी काहीही ताठरता वाढविते. ते कारण दूर केले की कित्येकदा हात आपणहून सैल होतो.

इतर उपायांच्या पंक्तीत

आघात-तरंग हा एकमेव मार्ग नाही. बॅक्लोफेनसारखी औषधे सर्व शरीरातील ताठरता कमी करतात. परंतु त्यांनी गुंगी येते, चांगले स्नायूही ढिले पडतात. ती अचानक थांबविणे धोक्याचे असते. बोटुलिनम विषाचे इंजेक्शन नेमक्या स्नायूत दिले जाते आणि त्याचा प्रभाव सुमारे तीन ते चार महिने राहतो. त्यामागील अभ्यास अधिक विस्तृत आहेत. मात्र ते महाग असते आणि पुन्हा पुन्हा घ्यावे लागते. तरंगांत सुई नाही, शरीरात कोणतेही द्रव्य जात नाही. पण त्यांच्या मात्रेविषयी आणि बैठकींच्या संख्येविषयी अद्याप एकमत नाही. काही रुग्णांत दोन्ही उपाय एकत्रही योजले जातात. निर्णय मज्जाविकारतज्ज्ञ अथवा पुनर्वसनतज्ज्ञ यांनी हात तपासून घ्यावा. जाहिरात पाहून तो घेऊ नये.

पैसे भरण्यापूर्वी कुटुंबाने काही प्रश्न निःसंकोच विचारावेत. आज हाताची ताठरता कोणत्या अंकावर आहे? कोणत्या स्नायूंवर उपचार होणार? एका बैठकीचा खर्च किती, आणि तीन बैठकींनंतर फरक न दिसल्यास काय करावयाचे? उपचारानंतरचा व्यायाम कोण शिकविणार? व्यापारात माल घेताना तो तोलून घेण्याची रीत असते. येथेही उपचारापूर्वी आणि उपचारानंतर मोजमाप लिहून ठेवण्याचा आग्रह धरावा. 'हात पूर्ववत होईल' असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. 'तळवा उघडेल, वेदना कमी होईल, आणि पुढचे काम आपण सर्वांनी मिळून करू' असे सांगणारा उपचारक अधिक विश्वासार्ह होय.

उद्दिष्टही आधीच ठरवावे आणि ते रुग्णाला विचारून ठरवावे. घरच्यांना वाटते की त्यांनी पुन्हा सही करावी. त्यांच्या मनात मात्र असते, की आंघोळीच्या वेळी सुनेपुढे वेदनेने कळवळण्याची वेळ येऊ नये, किंवा दारी आलेल्या पाहुण्याला दोन्ही हात जोडून नमस्कार करता यावा. ज्याचा हात, त्याची इच्छा प्रथम. तसे लहान उद्दिष्ट गाठता येते आणि ते गाठले म्हणजे पुढच्या सरावासाठी बळ येते.

तरंगांच्या बैठकी काही आठवड्यांत संपतात. त्यानंतर रोज सकाळी कोमट पाण्याने तळवा धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, प्रत्येक बोट घाई न करता उघडणे आणि त्या मोकळ्या हातात काहीतरी काम ठेवणे, हे घराकडेच राहते. आवळलेला हात घाईने उघडत नाही, हे एकदा उमगले म्हणजे धुणाऱ्याचा हातही आपोआप सावकाश होतो, आणि रुग्णास तोंड फिरविण्याचे कारण उरत नाही.